सुभद्राबाईंचं लुगडं आणि शिवणवर्गाचे मास्तर

आमचे शिवणवर्गाचे मास्तर मुके नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला उगाच त्यांची कीव यायची. जव्हारात त्यांच्याइतका बोलका माणूस शोधून सापडला नसता. फक्त ते आमच्याशी बोलत नव्हते, आणि शिकवायचं होतं त्यांना आम्हालाच.

संस्थानं विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. जुनी माणसं कचेरीला अजून दरबारच म्हणायची आणि कचेरीच्या पायरीशी आल्यावर डोक्यावरची टोपी उगाचच नीट करायची. अशात नव्या सरकारने बायकांसाठी शिवणवर्ग काढला. वर्षभर शिकायचं, ठाण्याहून कुणीतरी परीक्षा घ्यायला येणार, आणि पास झालं की शाळेत शिवण शिकवायची नोकरी. आमचं गाव पोशेरा, भात आणि नागलीची शेती. माझी मराठी सातवी झालेली. मी बाबांच्या मागे लागले, रडले, दोन वेळा जेवले नाही, तेव्हा ते म्हणाले, "जा मामाकडं जव्हारला. पण येक वरीस. नोकरी लागली तं लागली, नाय तं मी सांगन त्या घरी जायाचा. मंग रडायचा नाय." ते घर त्यांनी पाहूनच ठेवलं होतं. आईने मला कानात सांगितलं होतं. घर वाईट नव्हतं हो, पण मला मशीन चालवायचं होतं. बाजारात एकदा शिंप्याचं मशीन बघितलं होतं, सुई अशी खालीवर नाचत होती, तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं.

तर पहिला दिवस. आम्ही सगळ्याजणी सतरंजीवर बसलेल्या, तीन हातमशीन समोर मांडलेली, आणि मास्तर आले. आले म्हणजे कसे, तर भिंतीला घासत, बाजूने, खेकडा चालतो तसे. काळी टोपी, काळा कोट, कोटाच्या कॉलरला टाचण्यांची रांग, गळ्यात टेप. आमच्याकडे न बघता त्यांनी खुर्ची उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले. मग उठले, फळ्यावर झबल्याचा बेत, म्हणजे कापायचा आराखडा, काढला, अगदी सुरेख, रेघ अशी की पट्टी लावलीय वाटावं. आणि परत पाठ करून बसले. संपला वर्ग.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "मास्तर, बाही लावायला मुंढा किती घ्यायचा?"

मास्तरांनी कोटाची एक टाचणी काढली, बघितली, परत खोचली.

"मास्तर, मुंढा."

मास्तर खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर काय होतं? एक शेळी आणि धुकं. जव्हारचं पावसाळी धुकं, थोड्या वेळाने शेळीही दिसेना. तरी मास्तर बघतायत.

आमच्यात सुभद्राबाई म्हणून एक होत्या. वयाने आमच्यापेक्षा मोठ्या, नवरा गेलेला, माहेरी भावजयीच्या हाताखाली दिवस काढत होत्या. आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. त्या म्हणाल्या, "राहू दे गं, शेळीला विचार. मास्तर तिचंच ऐकतायत."

आम्ही हसलो. मास्तरांचे कान लाल झाले, ते आम्हाला मागून दिसले.

असं किती दिवस चाललं म्हणून सांगू! आम्ही विचारायचं, त्यांनी टाचण्या काढायच्या आणि खोचायच्या. चुकलेली शिवण पुढे केली तर हात मागे करून घ्यायचे, उसवायचे, परत द्यायचे. का उसवलं ते काही सांगायचं नाही. माझी बाही रोज उलटी लागायची. रोज उसवलेली परत. मला वाटायला लागलं की मी शिवण शिकत नाहीये, उसवण शिकतेय.

आम्ही ठरवून टाकलं की बिचारे मुके असणार. मी घरी मामांना तसं सांगितलं. मामा कचेरीत कारकून. ते भाकरीचा तुकडा हातात धरून हसायलाच लागले.

"मुका? तो? अगं, हॉटेलात आम्हाला चहा पिऊ देत नाही तो! काल परकराच्या कळ्या कशा पाडायच्या यावर एवढं बोलला की पोस्टातल्या माणसाचा चहा निवला. परवा आम्ही शिरपामाळावर फिरायला गेलो, तर तिथेही त्याचं चालूच. मला आता झोपेतही काज करता येईल."

मामी म्हणाली, "मग पोरींशीच का बोलत नाय? माजलाय मेला."

मला असा राग आला ना! मुका असता तर एकवेळ चाललं असतं. हा माणूस मामांना, पोस्टातल्या माणसाला, साऱ्या हॉटेलला कळ्या शिकवतो, आणि ज्यांना त्या शिवून परीक्षा द्यायचीय त्यांना पाठ दाखवतो!

मामांनी मग दुसरा रस्ता काढला. दवाखान्यातले डॉक्टर त्यांच्या ओळखीचे. तिथून नाशिकला सुईणीचं शिकायला मुली पाठवणार होते. मामा म्हणाले, "हे बघ, नीट विचार कर. इथे बसून परीक्षेत नापास झालीस तर तुझे बाबा तुला घेऊन जातील, मग मी काही बोलू शकणार नाही. नाशिकला शिकवतात तरी. दसऱ्याच्या आत मला हो-नाही सांग, डॉक्टर थांबायचे नाहीत."

झालं, माझी झोप उडाली. मला रक्त बघितलं की घेरी येते. कोंबडी कापताना मी घराबाहेर जाऊन उभी राहायची. मी सुईण होणार म्हणजे बाळंतिणीला सोडून आधी मलाच सावरायला माणूस लागणार. पण इथे राहावं तर बाही उलटी. गेले तर आवडीचं गेलं, राहिले तर सगळंच जाईल. मामी म्हणायची जा. मन म्हणायचं जाऊ नको. पण शिवणाची परीक्षा काही माझं मन घेणार नव्हतं.

शेवटी मी सुभद्राबाईंना विचारलं. त्या काज करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला विचारशील तर जा. माझं काय, मला कुठं जायला जागाच नाही, मी या पाठीकडे बघत वर्ष काढीन. पण तू नुसती गुपचूप नाहीशी होऊ नको. त्यांच्या घरी जा आणि तोंडावर सांग, की मास्तर, तुम्ही बोलत नाही म्हणून मी चालले. कळू दे तरी."

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मास्तरांच्या घरी गेले. सगळं पाठ करून गेले होते, भाषण करायला जावं तसं. ओटीवर मास्तर बसलेले, टोपी नाही, कोट नाही, सुपारी कातरतायत. मला बघितलं आणि अडकित्ता टाकून असे आत पळाले! दाराला एक जुना पडदा होता, तो हलत राहिला.

त्यांच्या बायको बाहेर आल्या. गोऱ्यापान, ठेंगण्या, बोलण्यात गुजराती हेल. "बेस बेन, बेस. च्या घेशील?"

"चहा नको. मला मास्तरांना सांगायचंय."

"सांग ने. ते आतच हाय. ऐकू येते त्यांना."

मी पडद्याकडे तोंड केलं. पाठ केलेलं सगळं विसरले. तोंडातून निघालं ते एवढंच, "मास्तर, माझी बाही उलटी का लागते ते तुम्ही सांगत नाही. म्हणून मी वर्ग सोडतेय!"

आणि पडद्याच्या आडून आवाज आला. मऊ, घरगुती, अजिबात न अडखळणारा.

"बेन, तुझी बाही उलटी नाही लागत. तू दोन्ही बाह्या एकावर एक ठेवून कापतेस, ते बरोबर. पण कापड उलटसुलट बघत नाहीस, म्हणून दोन्ही एकाच हाताच्या होतात. आधी दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेव, मग काप. पुढचा मुंढा जरा जास्त कोरायचा, मागचा कमी, कारण हात पुढे जातो, मागे जात नाही. आणि बाही लावताना खांद्याच्या शिवणीपासून सुरू कर, काखेपासून नको. तू काखेपासून करतेस. म्हणून शेवटी कापड उरतं, आणि तू ते चुण्या करून दडपतेस. मी रोज उसवतो, रोज दडपतेस."

मी तोंड उघडं टाकून उभी. इतके दिवस विचारलेलं सगळं एका दमात मिळालं होतं. मी म्हटलं, "मग वर्गात का नाही सांगितलंत?"

पडदा नुसता हलला.

उत्तर बायकोने दिलं, हसत हसत. मास्तर मूळचे आपल्याकडचेच शिंपी, पण दोन-तीन पिढ्या तिकडे गुजरातेत, एका लहानशा संस्थानात. बाप राणीवशाचा शिंपी, आणि बापाच्या हाताखाली हेही लहानपणापासून. तिथे शिंप्याने बसायचं चिकाच्या, म्हणजे बांबूच्या पडद्याच्या, या बाजूला, राण्या त्या बाजूला. बाई समोर आली तर मान फिरवायची, बोलायचं नाही, समोरून विचारलं तरी बोलायचं नाही. यांच्या एका काकांनी एका राजकन्येला समोरासमोर नुसतं "हो जी" म्हटलं, तर त्यांना दुसऱ्या दिवसापासून तंबू शिवायला घातलं. चिकाआडून मात्र हवं तेवढं बोला. जन्म असा गेला. मग संस्थान गेलं, राणीवसा गेला, नोकरी गेली, आणि कुणाच्या तरी ओळखीने हे इथे आले. आले तो बायकांचा वर्ग!

"सरकारने विचारलं, शिवणकाम येते?" त्या म्हणाल्या. "यांनी सांगितलं, येते. बायांशी बोलता येते का, ते कोणी विचारलंच नाही. आता बाई समोर दिसली की जीभ चिकटते. माझ्याशी पण वरीसभर चुलीच्या भिंतीमागूनच बोलायचे! मी समोर आली की मुके. पोरं झाली तेव्हा जरा सुधारले."

आतून बारीक आवाज आला, "ते सांगायची काय गरज होती?"

मी घरी आले ती पळतच. मामांना म्हटलं, "मी नाशिकला जात नाही."

"का गं? बोलला वाटतं मास्तर?"

"बोलले. पण त्याला एक लुगडं लागेल."

मामा माझ्याकडे बघतच राहिले.

लुगडं सुभद्राबाईंनी दिलं. हिरवं, नऊवारी, विरून पातळ झालेलं. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली, त्यावर टाकलं. मास्तर आले, भिंतीला घासत. लुगडं बघून थबकले. मग त्याच्या पलीकडे गेले. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग घसा खाकरल्याचा. आणि मग, "झबल्याचा बेत. सगळ्यांनी कापड उभं धरा."

त्या दिवशी सुट्टी झाल्यावरही आम्ही उठलो नाही. साचलेलं सगळं विचारून घेतलं. सुभद्राबाई तर एवढं विचारत होत्या की शेवटी लुगड्याआडून मास्तर म्हणाले, "बेन, आता मला घरी जाऊ द्या, मी जेवलो नाही."

पुढे मग मजाच मजा. आम्ही शिवण लुगड्याखालून सरकवायची, पलीकडून अंगुस्तानाची पितळी टोपी घातलेलं बोट यायचं, चुकलं तिथे टिचकी मारायचं. शिकवता शिकवता गोष्टी सांगायचे. एक राणी जाड होत चालली होती, पण ते कबूल करायची नाही. तिकडे माप टेपने नाही, गाठी मारलेल्या दोऱ्याने यायचं. दासी आतून दोरा आणून द्यायची. तर राणी दासीला सांगून गाठ मागे सरकवायची. मास्तर आपले गुपचूप आत भरपूर शिवण ठेवायचे आणि दर सणाला थोडी उसवून द्यायचे. "राणीसाहेब म्हणायच्या, बघा, तेच पोलकं अजून बसतंय. मी म्हणायचो, जी. तर पोरींनो, शिवण आत दाबून ठेवा. माप देणारं माणूस खरं बोलत नसतं."

आणि बोहाड्याचं तर सांगायलाच हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा असतो, मुखवटे घालून देवदेवतांची सोंगं नाचतात, आणि देवींची सोंगंही पुरुषच घेतात. मास्तरांच्या शेजारचा एक माणूस, रोज हॉटेलात त्यांच्या मांडीला मांडी लावून चहा पिणारा, त्याच्याकडे देवीचं सोंग होतं. चोळी बसते का बघायला तो लुगडं नेसूनच मास्तरांकडे आला. मास्तरांनी बघितलं आणि मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

"अहो मास्तर, मी आहे!"

मास्तर गप्प.

"मिशा बघा माझ्या!"

मास्तरांनी भिंतीकडे बघतच हाताने खूण केली, लुगड्याकडे बोट दाखवून, की आधी ते फेड. त्याने फेडलं, आत धोतर होतं. तेव्हा कुठे मास्तर वळले आणि म्हणाले, "ये ये, बैस. कधी आलास?"

पण हसण्यावारी सगळं गेलं असतं तर काय हवं होतं. परीक्षा जवळ आली आणि आधी वर्ग तपासायला ठाण्याहून एक बाई आल्या. खादीची साडी, चष्मा, करारी. दारात पाऊल टाकलं आणि लुगडं बघून तिथेच उभ्या राहिल्या.

"हे काय? देश स्वतंत्र झाला आणि तुम्ही मुली अजून पडद्यात? काढा ते आधी!"

काढलं. मागे मास्तर, खुर्चीत. ते उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"शिक्षक आपणच का? अभ्यासक्रम किती झाला?"

मास्तरांनी कॉलरची टाचणी काढली.

"मी आपल्याशी बोलतेय."

टाचणी परत खोचली. बाईंचा चेहरा ताठ होत गेला. म्हणाल्या, "जो शिक्षक तोंड उघडत नाही, तो मुलींना काय शिकवणार? हा वर्ग चालू ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही."

नाशिकला तर मी केव्हाच नकार देऊन बसले होते. वर्ग बंद म्हणजे मी पोशेऱ्याला, आणि बाबांनी पाहिलेल्या घरी. मला माहीत नाही माझ्यात कुठून बळ आलं. मी उभी राहिले.

"बाई, पडदा आमचा नाही. मास्तरांचा आहे."

"म्हणजे?"

"पडद्यात आम्ही नाही, मास्तर आहेत."

सुभद्राबाई फिसकन हसल्या. बाई हसल्या नाहीत. मी म्हटलं, "तुम्ही आमच्यात येऊन बसा. आम्ही लुगडं टाकतो. मग विचारा. नाही बोलले तर वर्ग बंद करा."

बाईंनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, सतरंजीवर येऊन बसल्या. आम्ही लुगडं टाकलं. बाईंनी विचारलं, "अभ्यासक्रम किती झाला?"

मास्तर सुरू झाले. झबलं, परकर, पोलकं, लेंगा, कोण कशात पक्की, कोण कुठे कच्ची. माझं नाव घेऊन म्हणाले, बाही आता बिनचूक, काज अजून घाईने करते. मी खरंच करत होते. बाई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांचा हात गळ्याशी गेला, पोलकं नीट करायला.

लुगड्याआडून मास्तर म्हणाले, "बाईसाहेब, माफी असावी. आपला डावा खांदा जरा उतरता आहे. पोलकं शिवणाऱ्याने दोन्ही खांदे सारखे बेतले. म्हणून गळा एकीकडे ओढतो आणि आपल्याला तो सारखा नीट करावा लागतो. डाव्या खांद्याला थोडं कमी करून घ्या, ओढणार नाही."

बाईंचा हात गळ्यावरच राहिला. आणि सुभद्राबाई ओरडल्या, "अगं बाई! म्हणजे मास्तर बघतात!"

आम्ही सगळ्या हसून लोळलो. पलीकडून घाबरा आवाज आला, "बेन, मी कापड बघतो! आत कोण आहे ते मला कुठे माहीत?"

आता बाईही हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चष्मा पुसत उठल्या, दाराशी जाऊन म्हणाल्या, "लुगडं राहू द्या. पण इस्त्री करून लावत जा. शिवणवर्ग आहे हा."

आम्ही पास झालो. सुभद्राबाईसुद्धा, आणि त्यांनी जव्हारातच आपलं मशीन टाकलं. मला मोखाड्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. बाबा घ्यायला म्हणून आले होते, ते मला पोचवायला मोखाड्यापर्यंत आले आणि वाटेत मोटारीत सगळ्यांना सांगत होते, "पोर मास्तरीण झाली."

निघायच्या आदल्या दिवशी मी मास्तरांच्या पाया पडायला वर्गात गेले. वर्ग संपला होता, दोरीवर लुगडं नव्हतं, सुभद्राबाई घेऊन गेल्या होत्या. मास्तर खुर्चीत, आणि खुर्ची माझ्याकडे तोंड करून. मी पाया पडले. मास्तरांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. कपाळावर घाम आला. मला वाटलं, आता कोटातल्या साऱ्या टाचण्या काढून होतील पण शब्द निघायचा नाही.

मग मी वळले आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले.

"मोखाड्याला मशीन कोणतं आहे?" मागून आवाज आला. "तेल घालशील ना? बेताला आधी कागद घे, कापड फुकट घालवू नकोस. आणि बेन, पोरी विचारतील. विचारलं की लगेच सांगायचं. ताटकळत ठेवायचं नाही, बरं का? शिकवणाऱ्याने गप्प बसणं फार वाईट."

"हो मास्तर," मी म्हटलं. पाठ होती म्हणून बरं, मला पोटभर हसता आलं.